कॉर्नेलिया सोराबजी : घरच्या शाळेतून न्यायालयापर्यंत



दरवर्षी जून महिन्यात पहिलीचे प्रवेश सुरू झाले की पालक हमखास एक प्रश्न विचारतात. मूल शाळेत यायच्या आधी आणि शाळा सुटल्यावर आम्ही घरी काय शिकवायचं? आम्हीच जेमतेम शिकलेलो, आम्हाला ते जमेल का? हा प्रश्न रिठदसारख्या गावात जसा विचारला जातो तसाच तो शहरातही विचारला जातो. काही सुशिक्षित कुटुंबं तर आजकाल मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवतात. त्याला होमस्कूलिंग म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्ट फार जुनी आहे बरं का!

आज आपण अशा एका मुलीचं चरित्र पाहणार आहोत जिचं सुरुवातीचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. तिचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि आई शाळा चालवणारी होती. ती नाशिकला जन्मली, बेळगाव आणि पुण्यात वाढली, आणि पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. भारतातील पहिल्या महिला वकील म्हणून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हे नाव एका ओळीत येतं आणि आपण ते पाठ करून पुढे जातो. पण त्या एका ओळीमागे केवढी मोठी वाट आहे, ते आज समजून घेऊया.

जन्म आणि कुटुंब

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडिलांचं नाव सोराबजी खरसेटजी. ते जन्मानं पारशी होते, पण तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळात धर्म बदलणं म्हणजे घर, नातेवाईक आणि समाज सगळ्यांशी तुटणं. त्यांनाही आपल्या समाजाकडून खूप त्रास सहन करावा लागला. पुढे ते मिशनचे धर्मोपदेशक झाले.

आईचं नाव फ्रान्सिना. फ्रान्सिना यांना लहानपणी फोर्ड नावाच्या एका इंग्रज दांपत्यानं दत्तक घेतलं होतं आणि ख्रिस्ती वातावरणात वाढवलं होतं. त्या फोर्ड बाईंचं नाव कॉर्नेलिया. त्यांची आठवण म्हणून फ्रान्सिना यांनी आपल्या या मुलीचं नाव कॉर्नेलिया ठेवलं.

घरात मुलीच जास्त, भाऊ एकच. आजही सलग मुली झाल्या की काही घरांत तोंडं उतरतात. दीडशे वर्षांपूर्वी तर विचारायलाच नको. पण सोराबजींच्या घरात मुलींना ओझं समजलं गेलं नाही. ज्या काळात मुलींना अक्षर ओळखही होऊ देत नसत, त्या काळात या घरात मुलगा आणि मुली यांच्या शिक्षणाचा विचार सारखाच होत होता.

तो काळ कसा होता?

मुलांनो, कॉर्नेलियाचा जन्म झाला तेव्हा सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली त्याला अठरा वर्षं झाली होती. ती शाळा १८४८ ची. म्हणजे मुलींच्या शिक्षणाची वाट पडली होती, पण ती अजून पायवाटच होती. मुलींच्या शाळा मोजक्या, शिकवणाऱ्या स्त्रिया त्याहून कमी. त्यामुळे ज्यांना मुलींना शिकवायचंच होतं त्यांच्यापुढे बहुतेक वेळा एकच मार्ग असायचा, तो म्हणजे घर.

त्या काळातली आणखी दोन नावं तुम्हाला माहीत असतील. पंडिता रमाबाईंना संस्कृत त्यांच्या आईनं शिकवलं, तेही कुठल्या शाळेत नाही तर रानात आणि तीर्थयात्रेच्या वाटेवर. स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर नवऱ्याकडून, म्हणजे कवी ना. वा. टिळकांकडून, लिहायला वाचायला शिकल्या. या दोघीही पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यांची घरं वेगळी आणि परिस्थितीही वेगळी. पण घरातल्या कोणीतरी शिकवायचं मनावर घेतलं म्हणून त्या शिकल्या, ही गोष्ट तिघींच्या बाबतीत खरी आहे.

घर हीच पहिली शाळा

कॉर्नेलियाचं बालपण आधी बेळगावला आणि नंतर पुण्यात गेलं. तिला वडिलांनी घरी शिकवलं, त्याबरोबर ती मिशनच्या शाळेतही शिकली. म्हणजे घर आणि शाळा दोन्ही बरोबरीनं चाललं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

या घरातलं शिक्षण नेमकं कसं होतं? कॉर्नेलिया यांनी म्हातारपणी, १९३४ मध्ये, 'इंडिया कॉलिंग' नावाचं आत्मचरित्र इंग्रजीत लिहिलं. त्यात त्यांनी आपल्या बालपणाबद्दल सांगितलं आहे. घराची मांडणी इंग्रजी पद्धतीची होती. मुलं आईवडिलांशी इंग्रजीत बोलायची. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीही इंग्रजी आणि शिस्तही इंग्रजी. धर्मोपदेशकाचं घर, त्यामुळे प्रार्थना आणि बायबलचं वाचन हे रोजचंच.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की ही मुलं आजूबाजूच्या लोकांपासून तुटलेली असतील. पण तसं नव्हतं. आपण ज्या लोकांत राहतो त्यांच्या भाषा आल्याच पाहिजेत, असा आईवडिलांचा आग्रह होता. आपण मुळात पारशी आहोत याचाही या मुलांना अभिमान होता. कॉर्नेलिया पुढे इंग्लंडला गेल्या तरी पारशी पद्धतीची साडीच नेसत. सर्व जातीधर्मांची माणसं या घरी यायची. कोणी सल्ला विचारायला, कोणी अडचण सांगायला, कोणी नुसतं भेटायला. मुलं ते बघायची, ऐकायची.

शिक्षक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. घरी शिकवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पाढे, उजळणी, शुद्धलेखन, वही आणि छडी! म्हणजे शाळेतलंच सगळं आपण घरात आणतो. सोराबजींच्या घरात धडे होतेच, पण जी गोष्ट शाळेत शिकवणं अवघड असतं तीही तिथे होती. मोठी माणसं इतरांशी कशी वागतात, दारात आलेल्या दुःखी माणसाचं कसं ऐकून घेतात, हे मुलांना रोज दिसत होतं. आणि याच दिसण्यातून कॉर्नेलियाच्या आयुष्याची दिशा ठरली.

दारात आलेली एक बाई

कॉर्नेलिया लहान होती तेव्हाची ही हकीकत आहे. एके दिवशी त्यांच्या घरी एक श्रीमंत घरातली गुजराती विधवा आली. अंगावर चांगले कपडे, यायला गाडी, पण बाई रडत होती. तिच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या माणसानं तिची फसवणूक केली होती. काय लिहिलं आहे हे तिला कळलं नाही, आणि तिनं कागदावर सही करून दिली. त्या सहीमुळे तिचं सगळं तिच्या हातून गेलं होतं.

वकील का केला नाही, असं तुम्ही विचाराल. ही बाई पडद्यात राहणारी होती. अशा स्त्रिया घरातल्या पुरुषांशिवाय इतर कोणत्याही पुरुषासमोर येत नसत. आणि वकील तर सगळे पुरुषच! मग ती आपलं म्हणणं कोणाला सांगणार? घरी कारभारी सांगेल ते खरं, आणि बाहेर तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही.

ती बाई गेल्यावर आईनं छोट्या कॉर्नेलियाला त्या बाईचं दुःख काय आहे ते समजावून सांगितलं. लहान मुलीला काय कळतं, असं म्हणून तिला बाजूला पाठवलं नाही. अशा स्त्रियांना मदत करायची तुझी इच्छा असेल तर मोठी झाल्यावर कायदा शिकायला माग, असंही आईनं तिला सुचवलं.

विचार करा. त्या वेळी भारतात एकही स्त्री वकील नव्हती. इंग्लंडमध्येही नव्हती. जी वाट या दोन्ही देशांत नव्हती ती वाट एका आईनं आपल्या मुलीला घरबसल्या दाखवली. मुलीनं ती ऐकली आणि आयुष्यभर सोडली नाही.

आईची शाळा

फ्रान्सिना सोराबजी फक्त स्वतःच्या मुलांना शिकवून थांबल्या नाहीत. आपल्या मुलांना जे मिळतं ते इतरांच्या मुलांनाही मिळालं पाहिजे, असं त्यांना वाटलं. १८७० च्या दशकात त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा सुरू केली. या शाळेत वेगवेगळ्या धर्मांची मुलं एकत्र शिकत. त्याशिवाय पुण्यातल्या मुलींसाठी शाळा काढण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता.

घरात शिकवण्याचा अनुभव असलेली आई शाळा काढते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिनं घर आणि शाळा यांच्यामध्ये भिंत घातली नाही. घरात जे साधलं ते तिनं शाळेत नेलं.

या घरातल्या इतर मुलीही पुढे काय झाल्या ते बघा. सुसी सोराबजी शिक्षिका झाल्या आणि त्यांनी पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा सुरू केली. ती शाळा आजही चालू आहे. ॲलिस डॉक्टर झाल्या आणि त्यांनी वायव्य सरहद्द प्रांतात बन्नू इथे रुग्णांची सेवा केली. भाऊ बॅरिस्टर झाला. एकाच घरातून शिक्षिका, डॉक्टर आणि वकील निघाले. यात एका मुलाची हुशारी तर आहेच, पण घराचाही मोठा हात आहे.

विद्यापीठाचं दार

आता आपण कथेच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. घरानं मुलीला तयार केलं. पण बाहेरचं जग तयार होतं का?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. पण पदवीच्या परीक्षेला मुलींना बसता येत नव्हतं. वडिलांनी आपल्या मोठ्या मुलींसाठी प्रयत्न केले, पण त्यांच्या वेळी दार उघडलं नाही. ते दार १८८३ मध्ये उघडलं. कॉर्नेलियाच्या वाट्याला ही संधी आली आणि तिनं पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. तिथली ती पहिली विद्यार्थिनी.

चारी बाजूंना मुलगे आणि मध्ये ही एकटी. सगळ्यांना ते आवडलं नाही. ती वर्गात येऊ नये म्हणून काही मुलगे वर्गाचं दारच लावून घ्यायचे. आज आपल्या शाळेत मुलींची पहिली बाकं भरलेली असतात, त्यामुळे हे वाचताना विश्वास बसत नाही. पण ती दररोज जात राहिली. पदवीच्या परीक्षेत तिला प्रथम वर्ग मिळाला आणि कॉलेजमध्ये ती सर्वांच्या पुढे होती.

त्या वेळी असा पहिला येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. कॉर्नेलियाचा त्यावर हक्क होता. पण शिष्यवृत्ती नाकारली गेली. कारण एकच, ती मुलगी होती. गुण कमी नव्हते, वर्तणूक वाईट नव्हती, नियमानुसार लागणारं सगळं होतं. फक्त मुलगी कधी पहिली येईल, हे नियम करणाऱ्यांच्या मनातच आलेलं नव्हतं.

त्या खचल्या नाहीत. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवलं. तिथे तर सगळे विद्यार्थी पुरुषच. घरी शिकलेली मुलगी आता पुरुषांच्या कॉलेजमध्ये शिकवत होती!

ऑक्सफर्ड

सरकारनं पैसे दिले नाहीत तेव्हा इंग्लंडमधल्या काही लोकांनी पुढे येऊन वर्गणी गोळा केली. लेडी मेरी हॉबहाउस यांनी त्यात पुढाकार घेतला. मदत करणाऱ्यांत सर विल्यम वेडरबर्न होते आणि आपल्या पाठ्यपुस्तकात भेटणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

तिथे त्या कायदा शिकल्या. पण शिकणं वेगळं आणि परीक्षेला बसू देणं वेगळं. बी.सी.एल. या कायद्याच्या वरच्या परीक्षेला त्याआधी कोणतीही स्त्री बसली नव्हती. विद्यापीठाला त्यासाठी खास ठराव करावा लागला, आणि १८९२ मध्ये कॉर्नेलिया यांनी ती परीक्षा दिली.

आता तुम्ही म्हणाल, झालं! मिळाली पदवी. पण नाही. ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना परीक्षा देऊ देत असलं तरी पदवी देत नसे. स्त्रियांना पदवी द्यायचं त्यांनी १९२० मध्ये ठरवलं. कॉर्नेलिया यांच्या हातात पदवी पडली १९२२ मध्ये. वजाबाकी करा मुलांनो, परीक्षेनंतर किती वर्षांनी? तब्बल तीस वर्षांनी!

भारतात परत

१८९४ मध्ये त्या भारतात परतल्या. लहानपणी घरी आलेल्या त्या बाईसारख्या स्त्रियांसाठी त्यांना काम करायचं होतं. पण वकिली करायला परवानगी कोण देणार? ऑक्सफर्डची परीक्षा चालली नाही म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली. तरी उपयोग झाला नाही. मग १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. ती उत्तीर्ण झाल्या, तरीही सनद मिळाली नाही.

एकामागून एक तीन परीक्षा, आणि तिन्हींनंतर उत्तर तेच. आपल्याकडे एका परीक्षेत अपयश आलं की मुलं हताश होतात. इथे तर अपयश नव्हतंच. यश मिळूनही दार बंद होतं. अशा वेळी माणूस टिकतो तो कशाच्या बळावर? माझ्या मते, हे काम आपण कशासाठी करतोय हे ज्याला लहानपणीच कळलेलं असतं तो टिकतो.

पडद्याआडच्या घरांमध्ये

शेवटी त्यांनी वेगळा मार्ग काढला. त्या वेळी सरकारचं एक खातं होतं, त्याचं नाव कोर्ट ऑफ वॉर्ड्स. एखाद्या जमीनदाराचा मृत्यू झाला आणि मागे अज्ञान मुलं किंवा विधवा स्त्री राहिली, तर त्या मालमत्तेची देखभाल हे खातं करायचं. पण मालमत्ता ज्या स्त्रियांची, त्या पडद्यात. सरकारी अधिकारी पुरुष. मग त्या स्त्रीला खरंच काय हवं आहे, तिच्यावर अन्याय होतो आहे का, हे अधिकाऱ्याला कळणार कसं?

अशा ठिकाणी एक स्त्री कायदेतज्ज्ञ हवी, असा आग्रह कॉर्नेलिया यांनी सरकारकडे धरला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसाम इथलंही काम त्यांच्याकडे आलं.

हे काम कार्यालयात बसून करण्यासारखं नव्हतं. रेल्वे, होडी, पालखी, कधी हत्ती, जे मिळेल त्यानं त्या दूरदूरच्या वाड्यांवर पोचत. आत जाऊन स्त्रियांजवळ बसत, त्यांचं ऐकत. कोणाचा जमिनीचा वाद, कोणाची पोटगी, कोणाला घरातल्याच लोकांकडून जिवाची भीती. शिवाय त्या घरांतल्या अज्ञान मुलामुलींचं पालनपोषण आणि शिक्षण नीट होतं आहे का, हेही त्या पाहत. सुमारे वीस वर्षांत त्यांनी सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांना मदत केली, काहींना तर एक पैसाही न घेता. १९०९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं.

आता मागे वळून बघा. लहानपणी एक रडणारी बाई त्यांच्या घरी आली होती. मोठेपणी त्या स्वतः अशा शेकडो बायांच्या घरी गेल्या.

वकिलीची सनद मात्र अजून बाकी होती. ती १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं दिली. त्यानंतर १९२३ च्या कायद्यानं भारतातल्या सगळ्याच स्त्रियांना वकिली करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९२४ पासून कॉर्नेलिया यांनी कोलकात्यात वकिली सुरू केली. तेव्हा त्यांचं वय साठीच्या जवळ आलं होतं. अनेक न्यायाधीश आणि वकील स्त्रीला अजूनही मनापासून स्वीकारत नव्हते. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लंडनला राहायला गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्येच त्यांचं निधन झालं. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या प्रसिद्ध संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

दुसरी बाजू

चरित्र सांगताना फक्त चांगलंच सांगायचं, ही सवय बरी नाही. मुलांना पूर्ण माणूस कळला पाहिजे. कॉर्नेलिया इंग्रजी राजवटीच्या बाजूच्या होत्या. स्वातंत्र्याची मागणी त्यांना पटत नव्हती आणि महात्मा गांधींच्या चळवळीवर त्यांनी उघडपणे टीका केली. आधी स्त्रिया शिकल्या पाहिजेत, समाज आतून सुधारला पाहिजे, मग बाकीचं, असं त्यांचं मत होतं. यामुळे अनेक भारतीय त्यांच्यावर नाराज झाले. स्वतंत्र भारतात त्यांचं नाव बराच काळ मागे पडलं, त्याचं हे एक कारण आहे.

हे मत आपल्याला पटणार नाही. ज्या सरकारनं मुलगी म्हणून शिष्यवृत्ती नाकारली त्याच सरकारवर त्यांनी एवढा विश्वास का ठेवला, असा प्रश्न नक्की पडतो. पण यातूनही पालकांना एक गोष्ट शिकता येईल. घर मुलाला जसं बळ देतं तसा चष्माही देतं. इंग्रजी वळणाच्या घरात वाढलेल्या मुलीला इंग्रजांचं राज्य परकं वाटलं नाही, यात नवल नाही. म्हणून घरात जे शिकतो ते बाहेरच्या जगात तपासून बघण्याची सवयही मुलांना लागली पाहिजे. त्यासाठीच शाळा हवी, वेगवेगळ्या घरांतून आलेले मित्र हवेत.

आपण काय घ्यायचं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. घरी काय शिकवायचं?

काही पालक म्हणतील, सोराबजींचं घर शिकलेलं होतं, इंग्रजी बोलणारं होतं, पुस्तकांचं होतं. आमच्याकडे सकाळी उठून वावरात जायचं असतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर घरी स्वयंपाकालाही वेळ नसतो. ही अडचण खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. पण कॉर्नेलियाच्या आयुष्याला वळण देणारी घटना आठवा. त्यात पुस्तक नव्हतं, वही नव्हती, पैसाही लागला नाही. एका आईनं आपल्या लेकरासमोर घडलेली गोष्ट त्याला समजावून सांगितली, एवढंच झालं होतं.

हे आपल्या घरात करता येतं. बाजारातून आणलेल्या सामानाचा हिशेब मुलाला करायला द्या. बँकेचं पासबुक, खताच्या पिशवीवरचा मजकूर, विजेचं बिल त्याच्याकडून वाचून घ्या. सातबारा म्हणजे काय, त्यावर कोणाचं नाव आहे, आईचं नाव आहे का, हे त्याला दाखवा. सही करण्याआधी कागद का वाचायचा, हे सांगायला त्या गुजराती बाईची हकीकत पुरेशी आहे. आपल्या भागात आजही न वाचता अंगठा आणि सही देणारी माणसं आहेत. घरातली पाचवी-सहावीतली मुलगी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवू शकते. तिला ते काम द्या. तिचं वाचन सुधारेल आणि तुमचा कागदही वाचला जाईल.

२०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनीच घरची शाळा अनुभवली. ज्या घरात कोणीतरी रोज थोडा वेळ मुलाजवळ बसलं, त्या घरातलं मूल शाळा उघडल्यावर लवकर सावरलं, हे आम्हा शिक्षकांनी वर्गात पाहिलं. बसणारी व्यक्ती पदवीधरच होती असं नाही. कुठे आजी होती, कुठे मोठी बहीण. आता गावोगावी माता पालक गट आहेत, त्यांचाही हाच उद्देश आहे.

पण याचा अर्थ शाळा नको, असा काढू नका. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानं दिला आहे. तो हक्क मिळायला किती पिढ्या गेल्या ते आपण आत्ताच वाचलं. सोराबजी कुटुंबानंही मुलींना घरात कोंडून ठेवलं नाही. घरी शिकवलं, मिशनच्या शाळेत पाठवलं, विद्यापीठाचं दार ठोठावलं, आणि स्वतः शाळा काढली. घरी शिकवणं हे त्यांच्यासाठी मुलीला बाहेर पाठवण्याची तयारी होती. मुलगी सातवी-आठवीला आली की दूरच्या शाळेचं कारण सांगून तिला घरी बसवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. घरात बसवणं आणि घरात शिकवणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. नाशिक, बेळगाव, पुणे, अहमदाबाद, ऑक्सफर्ड, अलाहाबाद, कोलकाता आणि लंडन ही ठिकाणं नकाशात शोधा.
२. १८६६, १८८९, १८९२, १९०४, १९२१, १९२२ आणि १९५४ या सालांत काय घडलं त्याची कालरेषा वहीत काढा.
३. तुमच्या आजीला विचारा, ती कितवीपर्यंत शिकली? पुढे का शिकता आलं नाही? तिचं उत्तर पाच-सहा ओळींत लिहून आणा.
४. घरातला एक सरकारी किंवा बँकेचा कागद मोठ्या माणसांसोबत पूर्ण वाचा आणि त्यातले न समजलेले शब्द वर्गात विचारा.

तिसरा उपक्रम पालकांनीही मुलांसोबत जरूर करावा. आजीचं उत्तर ऐकताना मुलांना शाळेची किंमत जेवढी कळेल तेवढी ती कुठल्याही भाषणातून कळणार नाही.